नालासोपाऱ्याला पाठवणी

निवृत्त झाल्यानंतरचं पहिलं वर्ष मी सगळ्यांना सांगत होते की मला फार बरं वाटतंय. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, बाळंतपणाच्या वॉर्डात, मी एकतीस वर्षं नर्स होते. आता वसईजवळ, राजोडीच्या अलीकडे आमच्या वाडीत होते. मुलीनं हौसेनं खालची खोली नवी करून दिली होती, माझ्या गुडघ्यांसाठी आतच बाथरूम, एसी, जाड गादी. सकाळी चर्चमध्ये साडेसहाची मिस्सा, मग मिस्टरांबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, दुपारी झोप, संध्याकाळी रोजरी. कुणालाही हेवा वाटावा असं आयुष्य होतं. तरी माझं मन एका जागी ठरत नव्हतं. देवळात बसले की हात चाळवायचे. ख्रिस्तप्रसाद घेऊन बाकावर यायची, डोळे मिटायची, आणि आत कुणीतरी येरझाऱ्या घालतंय असं वाटायचं. देवाला विचारायची, तुला काय हवंय माझ्याकडून? उत्तर येत नव्हतं. खरं सांगायचं तर उत्तर ऐकायची माझी तयारीही नव्हती.

उपवासकाळाच्या आधी आमच्या धर्मग्रामात तीन दिवसांचं प्रार्थनाशिबिर झालं. शेवटच्या दिवशी फादरांनी आवाहन केलं, की उपवासकाळाचे चाळीस दिवस घरदार सोडून मिशनकार्याला कोण जाईल? जव्हारच्या पुढे डोंगरात एक मिशन केंद्र होतं, तिथे माणसं हवी होती. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, हेच ते. इतके दिवस आत जे धडधडत होतं ते यासाठीच. मी तिथल्या तिथे नाव दिलं. घरी येताना मनात चित्रंसुद्धा रंगवली. डोंगर, थंड हवा, कुडाच्या झोपड्या, माझ्याभोवती जमलेली मुलं. वसईच्या बाजारातून चांगले बूट आणले, बॅटरी आणली. मिस्टर म्हणाले, "चाळीस दिवस? आणि गुडघ्यांचं काय?" मी म्हटलं, ज्यानं बोलावलंय तो बघेल. असं बोलताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, हे आज कबूल करते.

चार दिवसांनी फादरांचा फोन आला. डोंगरावर जाणारी माणसं पुरेशी झाली होती. पण नालासोपाऱ्यात, पूर्वेला, सिस्टरांचं एक छोटं केंद्र आहे, तिथल्या तरुण सिस्टरला तिच्या आईच्या आजारपणासाठी गावी जावं लागलंय, आणि तिथे नर्सिंग येणारं माणूस तातडीनं हवंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "फादर, नालासोपारा म्हणजे कसलं मिशन? रिक्षानं पाऊण तासात पोचेन मी." फादर हसले नाहीत. म्हणाले, "नाही म्हणायचं असेल तर आजच सांगा. दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं." मला नाही म्हणता आलं नाही. त्यात भक्ती किती आणि लोकलज्जा किती, याचा हिशेब देवालाच ठाऊक. सगळ्या गावाला मी मिशनला जाते म्हणून सांगून बसले होते.

ते केंद्र म्हणजे एका बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या. वर पत्रा. एका खोलीत शिवणयंत्रं, एक टेबल, एक कॉट, रक्तदाब तपासायचं यंत्र, औषधांचं कपाट. दुसऱ्या खोलीत मी आणि सत्तरी ओलांडलेल्या सिस्टर रोझलिन. संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्या चाळीला मिळून. पाणी आठवड्यातून दोनदा टँकरनं यायचं, तेव्हा पिंपं भरून ठेवायची. सिस्टर आमच्याच वसईच्या, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून "बाय" म्हणू लागल्या. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "बाय, इथे कुणाला उपदेश करायचा नाही. आपल्या देवाबद्दल कुणी विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर रक्तदाब बघायचा."

पहिले आठ दिवस कसे गेले ते लिहायला मला लाज वाटते. मार्च सुरू झाला होता, पत्रा सकाळी दहापासून तापायचा. पहाटे चारला संडासच्या रांगेत उभी राहायची तेव्हा गुडघे बोंबलायचे. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतल्या टीव्हींचे आवाज एकमेकांत मिसळून माझ्या रोजरीत यायचे, आणि मी कितव्या मण्यावर आहे हेच विसरून जायचे. प्रार्थना तर होतच नव्हती. मी देवाला सारखी टोमणे मारत होते. मी डोंगर मागितला होता, तू मला गटार दिलंस. गादी सोडली, एसी सोडला, घरचं जेवण सोडलं, आता आणखी काय हवंय? त्या रागात मी केंद्रावर येणाऱ्या बायकांवर ओरडत होते. कुणी उशिरा आली, कुणी गोळ्या मध्येच बंद केल्या, कुणी नीट सांगेना, की माझा आवाज चढायचा. वॉर्डातला आवाज होता तो, एकतीस वर्षांत कमावलेला. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बायका यायच्या कमी झाल्या. सिस्टर शिवणाच्या यंत्रावरून नुसत्या बघायच्या. एकदाच म्हणाल्या, "बाय, तू किती जोरात बोलतेस." बस, एवढंच. पण ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. सिस्टरना सांगितलं की गुडघा फार दुखतोय, घरी जाते. गुडघा दुखत होता हे खरं, पण मी त्यासाठी जात नव्हते. सिस्टर म्हणाल्या, "जा, बाय. देव कुणाला बांधून ठेवत नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फोन करून रिक्षा बोलावली. रिक्षा गल्लीत आली, चाळीच्या दारापर्यंत आली, आणि ती वळायच्या आत मागून एक पाण्याचा टँकर गल्लीत घुसला. आमची गल्ली एवढी अरुंद, की टँकर उभा राहिला की सायकलसुद्धा निघत नाही. त्या दिवशी आमचा टँकर यायचा नव्हता, दोन दिवस बाकी होते. पण पाणी आलं म्हटल्यावर कोण विचारतंय? बायका हंडे, पिंपं, प्लास्टिकचे डबे घेऊन धावल्या. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मावशी, आता अर्धा तास तरी गेला." मी बॅग मांडीवर घेऊन केंद्राच्या पायरीवर बसले. चिडून मनात म्हटलं, जायलासुद्धा देत नाहीस का?

तेव्हा मला कावेरी दिसली. चाळीच्या टोकाच्या खोलीत राहायची, परभणीकडची, पंचवीस-सव्वीस वर्षांची. नवरा इमारतींना प्लास्टर करायचा आणि कामासाठी भिवंडीला गेलेला होता. ती पोटुशी आहे हे मला माहीत होतं, आठवा महिना लागून गेला होता. दोन वेळा तिला तपासायला बोलावलं, ती आली नव्हती, आणि मी तिच्या दारात जाऊन चारचौघींसमोर तिला बोलले होते. आता ती रिकामा हंडा घेऊन रांगेत उभी होती, एक हात भिंतीवर, आणि डोळे मिटलेले. माझी नजर तिच्या पायांवर गेली. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. चेहरा सुजलेला, पापण्या जड. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी हेच पाहिलं, त्यांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. मी बॅग पायरीवर ठेवली आणि उठले.

"कावेरी, डोकं दुखतंय का?"

"लई ठणकतंय, मावशी. कालपासून. डोळ्यापुढं काजवे चमकल्यावानी होतंय."

तिला दंडाला धरून आत आणलं, रक्तदाब पाहिला. एकशे ऐंशीच्या जवळ, खालचा एकशे दहाच्या वर. माझी खात्री नव्हती की यंत्र बरोबर आहे, म्हणून पुन्हा पाहिला. तेच. अशा बाईला कुठल्याही क्षणी झटके येऊ शकतात, आणि झटके आले की आई आणि मूल दोघंही हाताबाहेर जातात. मी तसं दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. मी तिला सांगितलं, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचंय. ती कॉटवरून उठून भिंतीला जाऊन टेकली.

"मी न्हाई येत. घरीच करीन म्या. माझी सासू यायलीय गावाकडनं."

मी समजावलं. मग, खोटं कशाला बोलू, ओरडलेसुद्धा. मरायचंय का तुला, असं म्हटलं. ती रडायला लागली, पण हलेना. सिस्टर पुढे आल्या, तिच्याजवळ खाली बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, तुला तिथे कशाची भीती वाटते?"

ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "पहिल्या खेपेला मारलं मला. कळा सोसंनात, म्हणून ओरडले मी. तिथल्या बाईनं मांडीवर मारलं, गालावर मारलं. म्हनली, तवा गोड लागलं, आता कशाला बोंबलतीस. पोरगं मेलेलंच निघालं माझं. मग बी कुनी बोललं न्हाई माझ्यासंगं."

ती कुठल्या दवाखान्यातली गोष्ट, कोण बाई, मी विचारलं नाही. ती मी नव्हते. बहुतेक नव्हते. पण ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं होतं. माझ्या वॉर्डात ते आम्ही सगळ्याच बोलायचो, आमच्याआधीच्या नर्सकडून शिकलो होतो, आमच्यानंतरच्यांना शिकवलं होतं. एका पाळीत वीस-वीस बायका, दोन नर्स, झोप नाही, आणि ओरडणाऱ्या बाईला गप्प करायला थप्पड हा सोपा उपाय. मीही मारलंय. किती जणींना, ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच सर्वांत वाईट. दर वर्षी पापनिवेदनाला गेले, राग येतो म्हणून सांगितलं, नवऱ्याशी भांडले म्हणून सांगितलं, हे कधीच सांगितलं नाही. ते मी पाप मानलंच नव्हतं. ते माझं काम होतं.

त्या तापलेल्या पत्र्याखाली मी कावेरीसमोर खाली बसले. गुडघे वाकत नाहीत म्हणून वर्षभर देवळात बाकावर बसून प्रार्थना करणारी मी, कशी बसले ते मला कळलं नाही. मी तिला म्हटलं, "कावेरी, मी पण तशीच नर्स होते. मी पण बायकांना मारलंय. तुला जिनं मारलं तिच्या वतीनं मी तुझी माफी मागते. माझ्या वतीनं पण मागते. तू नाही दिलीस तरी चालेल. पण आज दवाखान्यात चल. मी तुझ्याबरोबर आत येईन. तुझा हात सोडणार नाही, आणि तुला कुणाला हात लावू देणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत माफी नव्हती, मला तसं सांगायचं नाही. भीती होती, थोडं आश्चर्य होतं. मग तिनं विचारलं, "खरंच आत येशील का?" मी मान हलवली. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

बाहेर रिक्षा अजून तशीच अडकलेली होती. सिस्टर टँकरवाल्याकडे गेल्या. मधल्या वयाचा माणूस होता, गळ्यात गमछा. त्यानं कावेरीकडे एकदा पाहिलं, पाण्याचा नळ बंद केला, पाइप गुंडाळून वर फेकला. बायका ओरडायला लागल्या, अर्ध्यांचे हंडे रिकामे होते. त्यानं टँकर उलटा घेत गल्लीबाहेर काढला, रिक्षा बाहेर आली तेव्हा खिडकीतून वाकून म्हणाला, "मौसी, मेरे पीछे-पीछे आओ." आणि पुढे निघाला. नालासोपाऱ्याचा तो बाजाराचा रस्ता तुम्ही पाहिला असेल. हातगाड्या, दुकानांच्या पायऱ्या, मधोमध उभ्या रिक्षा. तिथून एरवी अर्धा तास लागतो. तो टँकर भोंगा वाजवत पुढे जात होता आणि माणसं बाजूला होत होती, आणि त्यानं केलेल्या वाटेतून आमची रिक्षा जात होती. कावेरीचं डोकं माझ्या छातीवर होतं. वाटेत तिला कळा सुरू झाल्या. मी आयुष्यभर तोंडानं खूप प्रार्थना म्हटल्या आहेत. त्या दिवशी एकही शब्द आठवला नाही. नुसतं येशू, येशू एवढंच म्हणत होते.

दवाखान्याच्या दारात टँकर थांबला नाही. हात हलवून तो सरळ पुढे निघून गेला.

आत डॉक्टरांनी ताबडतोब इंजेक्शनं सुरू केली. बाळंतपणाच्या खोलीत नातेवाइकांना जाऊ देत नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मीच किती जणींना दारातून हाकललं होतं. तिथल्या नर्सचं वय तिशीच्या आत असेल. डोळे सुजलेले, आवाज खरखरीत. ती म्हणाली, "बाहेर थांबा हो, गर्दी नका करू." मला तिच्यावर राग आला नाही. मी म्हटलं, "सिस्टर, मी एकतीस वर्षं हेच काम केलंय. तुम्हाला काही शिकवायला आले नाही. मी तिच्या उशाशी गप्प उभी राहीन. तिला मी शब्द दिलाय." तिनं माझ्याकडे, मग कावेरीनं घट्ट धरलेल्या माझ्या मनगटाकडे पाहिलं. म्हणाली, "मध्ये बोलायचं नाही." आणि मला आत घेतलं.

मी मध्ये बोलले नाही. एकतीस वर्षांत अशा खोलीत गप्प राहायची ती माझी पहिलीच वेळ. कळ आली की कावेरी ओरडायची आणि माझा हात पिळायची, आणि मी तिला ओरडू द्यायची. तो आवाज किती मोठा असतो, त्यात किती काय असतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं. एकदा तिनं ओठ चावून ओरडणं दाबायचा प्रयत्न केला. मी तिच्या कानाशी म्हटलं, "ओरड, बाळा. ओरड." ती तरुण नर्स क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कामाला लागली. तिनंही आवाज चढवला नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुलगी झाली. दोन किलोही नव्हती. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवायला नेलं, पण ती जाता जाता रडली, आणि ते रडणं कावेरीनं ऐकलं.

कावेरीचा रक्तदाब उतरायला तीन दिवस लागले. बाळ सोळा दिवस पेटीत होतं. नवरा दुसऱ्या दिवशी भिवंडीहून आला, सासू गावाहून आली. मी घरी फोन करून मिस्टरांना सांगितलं की येत नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच आले, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या, केळ्यांचा घड आणि उशी घेऊन. बॅग पायरीवरून उचलून कुणीतरी आत ठेवली होती.

त्या टँकरवाल्याचा मी पुष्कळ शोध केला. चाळीचं पाणी बघणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, आमचा टँकर शुक्रवारी यायचा होता, हा कुणाचा होता ठाऊक नाही, गल्ली चुकला असेल. चुकलाही असेल. इथे सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. मी त्याला देवदूत म्हणत नाही. तो घाम पुसत होता, त्याच्या गाडीला डिझेल लागत होतं. पण तो गल्ली चुकला नसता तर साडेदहाला मी वाडीत मोगऱ्याच्या वाफ्याशी बसलेली असते, आणि कावेरी खोलीचं दार लावून पडलेली असती. त्याच्या पुढचा विचार करवत नाही.

पुढच्या शनिवारी मी पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं, शब्दही सांगितले. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून जे दिलं ते माझ्यात आणि देवात राहू दे. बाहेर आले तेव्हा हलकं वाटलं असं लिहायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. ज्या बायकांची नावं मला ठाऊक नाहीत, त्यांची माफी मला कोण देणार? ही सल राहणार आहे. फक्त आता ती माझ्यापासून लपलेली नाही. मला वाटलं होतं देव माझी गादी आणि एसी मागतोय. मी मोठ्या मनानं ते देऊ केलं आणि पावतीची वाट बघत बसले. त्याला ते नकोच होतं. त्याला माझा तो चढलेला आवाज हवा होता, तो माझ्या हातून काढून घ्यायचा होता, आणि त्यासाठी डोंगरावर जायची गरज नव्हती.

चाळीस दिवस पूर्ण झाले. पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण मी घरी केला. पण त्यानंतरही मंगळवारी आणि शुक्रवारी नालासोपाऱ्याला जाते. आठवड्यापूर्वी कावेरी केंद्रावर आली, मुलगी कडेवर, आता चांगली बाळसेदार झालेली. तिच्याबरोबर चाळीतली आणखी एक बाई होती, सातव्या महिन्यातली, दारातच घुटमळत होती. कावेरीनं तिला पुढे ढकललं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला न्ये संगं दवाखान्यात. ही मावशी काही बोलत न्हाई, नुसती हात धरून उभी राहती."

त्या बाईनं भीत भीत विचारलं, "येशील का मावशी?"

मी हो म्हटलं. प्रभो, एवढं बोलण्याइतकं तू मला मऊ केलंस, यासाठी मी तुझे आभार मानते.